ब्लॅक बुक स्वतःचं कसं लिहावं: नोंदवहीपासून तपासणी अहवालापर्यंत

ब्लॅक बुक म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा बांधणी केलेला अहवाल. त्यातली चोरी बहुतेक वेळा टायपिंगच्या रात्री होत नाही. ती दीड-दोन महिने आधी, नोंदी काढतानाच झालेली असते. कुणाच्या तरी लेखातला परिच्छेद मोबाइलवरून उचलून वर्डच्या फाइलमध्ये डकवला जातो, ‘नंतर बदलू’ म्हणून. त्याखाली स्वतःची दोन वाक्यं येतात, मग दुसऱ्याच कुणाचा तक्ता. सबमिशनच्या आठवड्यात ती फाइल उघडली की आपलं कुठलं आणि परक्याचं कुठलं, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग वाक्यांतले चार शब्द इकडचे तिकडे करून सगळंच आपल्या नावावर छापलं जातं.

मुद्दाम ढापणारेही असतात. त्यांना पद्धत सांगून उपयोग नाही, ते पकडले जाण्याचीच वाट बघतात. हा लेख बाकीच्यांसाठी आहे: मुंबईतल्या एखाद्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या, पार्टटाइम नोकरी, लोकलचा प्रवास आणि केटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयांचा अभ्यास सांभाळून प्रकल्प लिहिणाऱ्या मुलामुलींसाठी. कामाचा क्रम नीट लावला तर चोरी करायची वेळच येत नाही, असा माझा अनुभव आहे. तो क्रम खाली दिला आहे. पण त्याआधी, उचलेगिरीने नेमकं कोणाचं काय जातं ते बघू.

कोणाचं काय जातं

मोठ्या लेखकाचं वाक्य उचललं तर कुणीतरी ओळखतं. त्यामुळे उचलायला सोयीचा सापडतो तो लहान माणूस. तालुक्याच्या कॉलेजातल्या चर्चासत्राच्या पुस्तिकेत निबंध छापलेला प्राध्यापक, सुट्टीच्या दिवशी गिरण्यांच्या जुन्या जागा हिंडून माहिती जमवणारा हौशी अभ्यासक, दोन वर्षं आधी पास झालेली सीनिअर. यांना मानधन मिळालेलं नसतं, पुरस्कारही नसतो. त्या कामाची त्यांच्या हाती लागलेली एकच गोष्ट म्हणजे खाली छापलेलं नाव, आणि आपण नेमकं तेच खोडतो.

दुसरं नुकसान विषयाचं होतं, आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मुंबईत मॅनेजमेंटच्या प्रकल्पांचा लाडका विषय म्हणजे डबेवाले. १९९८ साली ‘फोर्ब्स’ या नियतकालिकात त्यांच्या अचूक कामाचं कौतुक करणारा लेख आला. पुढे ‘फोर्ब्सने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं’ हे वाक्य सगळीकडे फिरायला लागलं. सिक्स सिग्मा म्हणजे कामात जवळजवळ चूकच न होण्याचं एक मोजमाप. नियतकालिक असली प्रमाणपत्रं देत नाही. लेख लिहिणाऱ्या पत्रकारानेही नंतर स्पष्ट केलं की आपण तो शब्द वापरलाच नव्हता. तरी ते वाक्य प्रकल्पामागून प्रकल्पात उतरत राहिलं, कारण प्रत्येकाने मागच्याकडून घेतलं आणि मूळ लेख कुणी उघडला नाही. एकच चूक वीस ठिकाणी छापून आली की ती वीस पुरावे असल्यासारखी दिसते. डबेवाल्यांच्या कामाला या प्रमाणपत्राची गरज नव्हती. त्यांची खरी पद्धत, डब्यावरच्या खुणा आणि रंगांची भाषा, यावर मात्र वाचण्यासारखं त्या मानाने फारच थोडं लिहिलं गेलं.

तिसरं नुकसान शेजारच्या बाकावर बसणाऱ्याचं. आठ रविवार घालवून प्रश्नावल्या भरून आणणारी मुलगी आणि एका संध्याकाळी सगळं उचलणारा मुलगा यांना इंटरनलला सारखेच मार्क पडले, तर पुढच्या वर्षीची बॅच त्यातून काय शिकायचं ते बरोबर शिकते.

आणि स्वतः उचलणाऱ्याचं? व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक सहज विचारतात, “हा आकडा कुठून घेतलात?” तिथे गप्प बसावं लागतं. काहींच्या बाबतीत हिशेब फार उशिरा होतो. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थेओडोर त्सु गुटेनबेर्ग यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात न सांगता घेतलेले उतारे सापडले, विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि मार्च २०११ मध्ये मंत्रिपदही गेलं. पुढच्याच वर्षी हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष पाल श्मिट यांच्यावर तीच पाळी आली. त्यांचा प्रबंध तर वीस वर्षांपूर्वीचा होता.

कायदा आणि अभ्यासातला प्रामाणिकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलं त्यांत हमखास घोटाळा करतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनाला संरक्षण मिळतं. कायदा शब्दरचनेला संरक्षण देतो, कल्पनेला देत नाही. कलम ५२ प्रमाणे अभ्यास, संशोधन, समीक्षा यांसाठी वाजवी वापराला मुभा आहे, म्हणजे प्रकल्पात चार ओळींचा उतारा देणं हा गुन्हा नाही. मात्र महात्मा फुल्यांच्या लेखनावर आज कॉपीराइट नाही म्हणून त्यांचं वाक्य स्वतःच्या नावावर खपवता येत नाही. तिथे कायदा मोडत नाही, चोरी मात्र होतेच. प्रकल्पात आपल्याला शब्दांचं श्रेय द्यायचं असतं, आणि कल्पनेचंही.

पहिली पायरी: विषय इतका लहान करा की आयतं काही सापडू नये

मी हा उपाय सगळ्यांत वर ठेवते. ‘भारतातील डिजिटल व्यवहार’ असा विषय घेतला की इंटरनेटवर हजार पानं तयार असतात आणि त्यांत भर घालण्यासारखं तुमच्याकडे काही नसतं. अशा विषयावर अगदी प्रामाणिक मुलगाही शेवटी उतरवूनच काढतो. त्याऐवजी ‘दादरच्या फूलबाजारात यूपीआय कोण घेतं आणि कोण नाकारतं’ हा विषय घ्या. यावर कुठे काही लिहिलेलं सापडणं कठीण. पहाटे जाऊन उभं राहावं लागेल, विक्रेत्यांशी बोलावं लागेल, आणि जे लिहाल ते आपोआप तुमचं असेल.

विषय लहान करायला तीन चाळण्या पुरतात: जागा, काळ आणि माणसं. ‘मुंबईतली सार्वजनिक आरोग्यसेवा’ चाळत नेली की ‘परळच्या रुग्णालयांबाहेर मुक्काम करणारे रुग्णांचे नातेवाईक पावसाळ्यात जेवणाची सोय कशी करतात’ इथपर्यंत येतं. गाइड सर किंवा मॅम म्हणाल्या की विषय फारच छोटा आहे, तर भांडू नका. मोठं शीर्षक त्यांना द्या आणि छोटा विषय उपशीर्षकात ठेवा. ही तडजोड बहुतेकदा चालते.

एक इशारा. विषय लहान केला आणि बाहेर पडायचा कंटाळा आला, की घरी बसून पन्नास प्रश्नावल्या स्वतःच भरल्या जातात, वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी. हे उचलेगिरीच्या पुढचं पाप आहे, कारण उचललेल्या मजकुरात निदान कुणीतरी खरं लिहिलेलं असतं.

दुसरी पायरी: मूळ साधनापर्यंत जा

मुंबईत राहून फक्त सर्च इंजिनावर प्रकल्प करणं म्हणजे समुद्रकाठी राहून डबाबंद मासे खाणं. दादरला १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. फोर्टात टाऊन हॉलमध्ये १८०४ पासूनची परंपरा असलेली एशियाटिक सोसायटी आहे. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आणि तिथून जवळच एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. कलिन्याला विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. जाण्याआधी कॉलेजच्या ग्रंथपालांकडून ओळखपत्र घ्या, आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांना बसू देण्याचे नियम फोन करून विचारा. ते ठिकाणागणिक वेगळे असतात.

घरबसल्याही मूळ साधनं मिळतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. देशभरातले पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर वाचता येतात. जुन्या मुंबईबद्दल लिहायचं तर १९०९-१० सालच्या तीन खंडांच्या मुंबई गॅझेटियरशिवाय पुढे जाता येत नाही. गंमत अशी की जुन्या मुंबईवर फिरणारे कितीतरी लेख त्यातूनच घेतलेले असतात. मूळ खंड एकदा चाळलात की कुणी कुठून उचललंय ते तुम्हालाच दिसायला लागतं.

तिसरी पायरी: नोंदवहीत तीन खुणा

इथे थोडं थांबू, कारण सगळा खेळ इथे ठरतो.

पुस्तक हातात आल्यावर मजकुराला हात लावण्याआधी दोन फोटो काढा: मुखपृष्ठानंतरच्या शीर्षकपानाचा, आणि त्यामागच्या पानाचा, जिथे प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष छापलेलं असतं. संदर्भसूची करताना हे दोन फोटो अर्धा दिवस वाचवतात. वेबपान असेल तर दुवा आणि पाहिल्याची तारीख लिहा. पान उद्या उडू शकतं, म्हणून त्याची पीडीएफ करून ठेवा.

मग नोंद. प्रत्येक नोंदीच्या वर आधी लेखकाचं नाव आणि पान क्रमांक लिहायचा, मजकूर त्यानंतर. उलटा क्रम ठेवला की पान क्रमांक राहतोच. आणि प्रत्येक नोंदीच्या समासात तीनपैकी एक अक्षर काढायचं:

उ: उतारा. लेखकाचे शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत, त्यांच्या शुद्धलेखनासकट.

सा: सारांश. पुस्तक मिटून, आठवून, आपल्या भाषेत लिहिलेला.

मी: आपल्याला जे वाटलं ते. शंका, विरोध, दुसऱ्या पुस्तकाची आठवण, “हे आमच्या चाळीत असं नव्हतं” असली नोंदसुद्धा.

‘सा’च्या नोंदीत पुस्तक मिटायची अट शोभेची नाही. उघड्या पुस्तकातून सारांश काढला की डोळा वाक्यावरून सरकतो आणि हात तेच वाक्य उतरवतो. फक्त क्रियापद बदलतं. मिटून लिहिताना अडलात, तर तो परिच्छेद तुम्हाला समजलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ. परत वाचा, परत मिटा.

हल्ली मोबाइल पुस्तकाच्या फोटोतून मजकूर उचलून देतो. सोय उत्तम आहे, पण त्यातून आलेली प्रत्येक ओळ ‘उ’ आहे हे विसरू नका. असा मजकूर फाइलमध्ये पडताक्षणी दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं घाला. ‘मागाहून घालू’ म्हणालात की ती कधीच पडत नाहीत.

कॉम्प्युटरवर काम करत असाल तर फाइली दोन ठेवा. एकीचं नाव ‘साठा’, दुसरीचं ‘मसुदा’. साठ्यात काहीही डकवा. मसुद्यात मात्र कंट्रोल व्ही बंद, अपवाद फक्त अवतरणचिन्हांत असलेल्या ‘उ’चा. हा एक नियम पाळणाऱ्याच्या प्रकल्पात नकळत झालेली चोरी सहसा सापडत नाही.

आठवड्यातून एकदा नुसत्या ‘मी’च्या नोंदी वेगळ्या काढून वाचा. तुमच्या प्रकरणांचा आराखडा त्यातून निघतो. महिनाभर वाचून ‘मी’ची खूण चार-पाच ठिकाणीच दिसली, तर लिहायला बसू नका. तुमच्याकडे अजून म्हणण्यासारखं काही जमलेलं नाही. आणि उचलायचा मोह नेमका अशाच वेळी होतो.

चौथी पायरी: ‘स्वतःच्या शब्दांत’ म्हणजे काय

शिक्षक हे वाक्य वर्षानुवर्षं म्हणतात, करून दाखवत नाहीत. म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, गिरणी संपावरच्या एका पुस्तकात असा मजकूर आहे:

“१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरणगावातल्या घराघरांत मात्र तो वेगवेगळ्या दिवशी संपला: कुठे बायकोने खानावळीची पहिली पोळी लाटली त्या दिवशी, कुठे बिऱ्हाड गावच्या एसटीत चढलं त्या दिवशी.”

आता प्रकल्पात नेहमी दिसतो तो प्रकार:

‘जानेवारी १९८२ मध्ये चालू झालेला गिरणी संप औपचारिकरीत्या कधीही मागे घेण्यात आला नाही. परंतु गिरणगावातील प्रत्येक घरात तो निरनिराळ्या दिवशी समाप्त झाला, जसे की पत्नीने खानावळ सुरू केली तेव्हा किंवा कुटुंब गावी परतले तेव्हा.’

शब्द बदललेत, सांगाडा तोच आहे. विचारांचा क्रम, दोन्ही उदाहरणं, ‘मात्र’च्या जागी ‘परंतु’. शेवटी कंसात लेखकाचं नाव घातलं तरी हे बसत नाही, कारण वाचणाऱ्याला वाटतं की कल्पना त्यांची आणि मांडणी तुमची. आणि मूळ वाक्यातला जीव तेवढा गेला. पोळी गेली, एसटी गेली.

यातलं काय कोणाचं ते आधी वेगळं करा. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, दत्ता सामंत त्याचे नेते होते, तो अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही, ही सर्वज्ञात माहिती आहे. ती कोणाच्याच मालकीची नाही. पण ‘संप प्रत्येक घरात वेगळ्या दिवशी संपला’ हे निरीक्षण त्या लेखकाचं आहे. त्याचं श्रेय द्यावंच लागेल, मग शब्द कितीही बदला. पोळी आणि एसटीची वाक्यं हवी असतील तर ती उताऱ्यातच यायला हवीत.

मग असं लिहिता येईल:

‘१९८२ च्या संपाचा शेवट कॅलेंडरवर दाखवता येत नाही. तो घरागणिक वेगळ्या वेळी झाला, असं (लेखकाचं आडनाव, वर्ष, पृष्ठ) म्हणतात. लालबागच्या ज्या कुटुंबांशी मी बोलले, त्यांतल्या एका आजींच्या मते तर त्यांच्या घरात संप अजून संपलेला नाही. थकलेल्या देण्याची कागदपत्रं त्यांनी आजही जपून ठेवली आहेत.’

पहिलं वाक्य तुमचं, दुसरं लेखकाचं आणि तसं सांगितलेलं, तिसरं तुम्ही जाऊन आणलेलं. असा परिच्छेद लिहायला वीस मिनिटं जास्त लागतात. प्रत्येक पानावर असा एक जरी असेल तर परीक्षकांचा हात सैल होतो, हे मी पाहिलेलं आहे.

सर्वज्ञात काय आणि श्रेय द्यायचं काय, याची कसोटी सोपी आहे. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे कुठल्याही पुस्तकात सापडतं, संदर्भ नको. पण त्या गाडीमुळे ठाण्याच्या बाजारात अमुक बदल झाला असं कुणी पुराव्यानिशी म्हटलं असेल, तर तिथे नाव हवं. शंका आली की संदर्भ द्या. जास्तीच्या संदर्भासाठी आजवर कुणाला नापास केलेलं नाही.

पाचवी पायरी: उतारे आणि अनुवाद

उतारा तेव्हाच घ्या जेव्हा शब्दच महत्त्वाचे असतात: साक्षीदाराचं बोलणं, कायद्याचं कलम, कवितेची ओळ, किंवा ज्याचा तुम्ही प्रतिवाद करणार आहात ते विधान. लहान उतारा वाक्यातच अवतरणचिन्हांत. तीन-चार ओळींपेक्षा मोठा असेल तर वेगळा काढून, दोन्ही बाजूंना समास सोडून. मधले शब्द गाळले तर तीन टिंबं द्या. आणि पाठोपाठ दोन उतारे कधी लावू नका. मध्ये तुमचं बोलणं यायला हवं, नाहीतर प्रकल्पाची कात्रणवही होते.

मराठीतून लिहिणाऱ्यांचा खास रोग म्हणजे इंग्रजी लेखाचं भाषांतर करून ते आपलं म्हणून देणं. मशीनने भाषांतर फुकटात होतं आणि चोरी तपासणारं सॉफ्टवेअर ते सहसा पकडत नाही, म्हणून हा प्रकार बोकाळला आहे. भाषा बदलल्याने मालक बदलत नाही. इंग्रजीतून घेतलं तर मूळ लेखक, पान क्रमांक आणि ‘अनुवाद माझा’ एवढं लिहा. दुसऱ्याने केलेला अनुवाद वापरला तर त्या अनुवादकाचंही नाव द्या. अनुवादकांना आपल्याकडे आधीच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जागा मिळायची मारामार.

मूळ पुस्तक न वाचता दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा घेतला, तर तसं कबूल करा: अमुक लेखक, तमुक यांच्या ग्रंथात उद्धृत, पृष्ठ अमुक. ‘शोधगंगा’वरच्या प्रबंधातून तळटिपा उचलून आपण ते सगळे ग्रंथ वाचल्याचा आव आणणं ही सभ्य दिसणारी चोरी आहे, आणि ती मोठमोठे लोकही करतात. परीक्षकांनी “हा जर्मन ग्रंथ कुठे मिळाला?” असं विचारलं की पंचाईत.

तक्ते, आलेख, नकाशे, फोटो आणि प्रश्नावली यांनाही हेच लागू. तक्ता घेऊन त्यात बदल केला असेल तर खाली ‘अमुक यांच्या तक्त्यावर आधारित’ असं लिहायचं.

सहावी पायरी: संदर्भसूची

एपीए आणि एमएलए या संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत. कॉलेजने एपीए सांगितलं असेल तर एपीए, एमएलए सांगितलं तर एमएलए. काहीच सांगितलं नसेल तर एक निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. मराठी ग्रंथ आडनावाच्या अकारविल्ह्याने लावा, इंग्रजी ग्रंथांची यादी वेगळी करा. तळटिपा देत असाल तर लागोपाठ तोच ग्रंथ आला की ‘तत्रैव’ (म्हणजे ‘तिथेच’) चालतं. मात्र मसुदा पक्का होईपर्यंत ते लिहू नका, परिच्छेद वर-खाली झाले की तत्रैव भलत्याच ग्रंथाला जाऊन चिकटतो. झोटेरो हे संदर्भ साठवून सूची करून देणारं मोफत सॉफ्टवेअर शिकायला एक दुपार पुरते. जे वाचलं नाही ते सूचीत घालू नका. एवढं पुरे.

सातवी पायरी: सीनिअरचं पुस्तक, तयार प्रकल्प आणि चॅटबॉट

सीनिअरचं ब्लॅक बुक बघण्यात वावगं काही नाही. प्रकरणांची रचना, आकाराचा अंदाज, प्रमाणपत्राचा नमुना यासाठी जरूर बघा. फक्त ते समोर उघडं ठेवून लिहू नका. ‘हा प्रकल्प मी स्वतः केला आहे’ हे घोषणापत्रच सीनिअरच्या फाइलमधून जसंच्या तसं आलेलं, खाली नावही सीनिअरचंच, असे नमुने दरवर्षी निघतात. सीनिअरने जमवलेली आकडेवारी वापरायची असेल तर तिला विचारा आणि संदर्भात तिचं नाव, वर्ष, कॉलेज द्या.

तयार प्रकल्प विकणारी दुकानं कॉलेजांच्या आसपास आहेत, सगळ्यांना ठाऊक आहेत. टायपिंग आणि बाइंडिंग त्यांच्याकडून खुशाल करून घ्या. पण तिथला ‘रेडी’ प्रकल्प तुमच्याआधी किती जणांना विकला, हे दुकानदार सांगत नाही. तो त्याच परीक्षकांकडे दुसऱ्या कॉलेजातून आधीच येऊन गेलेला असू शकतो. शिवाय आपला वैयक्तिक मसुदा दुकानाच्या कॉम्प्युटरवर ठेवून येऊ नका. पुढच्या वर्षीचा ‘रेडी’ माल असाच तयार होतो.

एआयबद्दल. कॉलेजचा नियम काय आहे तो आधी विचारून घ्या, जमल्यास ईमेलवर. परवानगी असेल तर कशासाठी वापरलं ते एका परिच्छेदात लिहून टाका: शुद्धलेखन तपासायला, प्रश्नावलीचा पहिला खर्डा करायला, वगैरे. संदर्भ मात्र त्याला कधी विचारू नका. तो अस्तित्वात नसलेली पुस्तकं, खऱ्या लेखकांच्या नावावर, पान क्रमांकासकट ठोकून देतो. प्रत्येक पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीत शोधून पाहिल्याशिवाय प्रकल्पात घेऊ नका.

गटाने प्रकल्प करत असाल तर कोणी कुठलं प्रकरण लिहिलं याची नोंद सुरुवातीलाच ठेवा. एकाने उचललं की सगळ्यांच्या सह्या त्याखाली असतात.

आठवी पायरी: तपासणी अहवाल वाचायला शिका

‘सॉफ्टवेअरमध्ये १२ टक्के आलं, म्हणजे १२ टक्के चोरी’ हा गैरसमज शिक्षकांतही आहे. सॉफ्टवेअर फक्त साम्य मोजतं. व्यवस्थित अवतरणचिन्हांत दिलेला उतारा, संदर्भसूची, संस्थांची लांबलचक नावं, सगळं त्यात धरलं जाऊ शकतं. उलट सांगाडा उचलून शब्द बदललेला परिच्छेद त्यातून सुटतो. म्हणून आकडा बघून हुरळूही नका आणि घाबरूही नका. अहवालातला प्रत्येक रंगवलेला भाग उघडून बघा: उतारा असेल तर चिन्हं आणि संदर्भ आहेत ना, नसतील तर ते वाक्य कुठून आलं.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम सगळे सांगतात, वाचलेले थोडे असतात. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भ देऊन घेतलेले उतारे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाण सूत्रं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य साम्य मोजणीतून वगळायचं असतं. पण हे नियम पदव्युत्तर आणि संशोधन पदवीच्या प्रबंधांसाठी आहेत. असाइनमेंट आणि प्रकल्प अहवाल त्यातून स्पष्टपणे वगळले आहेत. तुमच्या ब्लॅक बुकला कॉलेजचा स्वतःचा नियम लागतो, आणि तो आयोगापेक्षा कडकही असू शकतो. तो लेखी मागून घ्या.

मराठी प्रकल्पांची आणखी एक गोम. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर सॉफ्टवेअरला मराठी म्हणून दिसतच नाही, नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. काही जण हीच पळवाट समजतात. वाचणारा परीक्षक माणूस असतो, आणि ० टक्के साम्य असलेला अहवाल बघूनच त्याला पहिली शंका येते. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये लिहा.

नववी पायरी: काही निघालंच तर

सबमिशनच्या आधी लक्षात आलं की एखादं प्रकरण कुठून आलं ते आठवत नाही, तर त्यातली दोन-तीन ठळक वाक्यं अवतरणचिन्हांत घालून शोधा. मूळ सापडलं तर पुस्तक मिटून परत लिहा, संदर्भ द्या. सापडलं नाही तर तो भाग काढून टाका. पानं कमी पडली तरी चालतील. गाइडला आधी सांगितलंत तर बहुतेक वेळा मुदत मिळते.

सबमिशननंतर लक्षात आलं तर दुसऱ्या कुणी दाखवण्याआधी स्वतः जाऊन सांगा आणि दुरुस्त पानं सोबत न्या. बोलणी बसतील, मार्क कापले जातील. नंतर पकडलं गेल्यावर यातलं काहीच टळत नाही, वर चौकशी लागते.

उचललं नसताना आरोप झाला, तर कागद बोलतो. तीन खुणांची नोंदवही, ग्रंथालयाच्या चिठ्ठ्या, भरलेल्या प्रश्नावल्या आणि गूगल डॉक्समधली व्हर्जन हिस्टरी घेऊन जा. मसुदा रोज कसा वाढला ते त्यात तारखेनिशी दिसतं. म्हणून निकाल लागेपर्यंत यातलं काही रद्दीत घालू नका.

आणि तुमचाच प्रकल्प पुढच्या बॅचमधल्या कुणी उतरवलेला दिसला तर? व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन बदनामी करू नका, ते तुमच्याच अंगलट येईल. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पान क्रमांकासकट एक तक्ता करा, तुमच्या सबमिशनची पावती किंवा ईमेल जोडा आणि विभागप्रमुखांना लेखी द्या. कॉपीराइट नोंदवलेला नाही म्हणून कुणी वाटेला लावलं तर सांगा की कायद्याने नोंदणी सक्तीची नाही, आणि कलम ५७ प्रमाणे लेखन आपलं असल्याचं सांगण्याचा हक्क लेखकाकडेच असतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.